शहरातल्या उन्हाचा डेटा कसा वापरायचा: नागपूर समोर ठेवून, नवख्यांसाठी पायरी पायरीने

दर वर्षी एप्रिल लागला की कोणीतरी विचारतंच, मला पायथन येतं, थोडंफार मशीन लर्निंग केलंय, आपल्या शहरातल्या उन्हासाठी काही करता येईल का? येतं की. पण बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात उद्याचं कमाल तापमान सांगणारं मॉडेल बनवायला बसतात आणि तिथेच अडकतात. ते काम हवामान खातं करतंय आणि तुमच्या लॅपटॉपपेक्षा बरं करतंय, पाच दिवस आधीचा उष्णतेच्या लाटेचा अंदाज त्यांच्या साइटवर फुकट मिळतो. कमी आहे ती दुसरीच गोष्ट. उद्या ४४ होणार हे कळलं तर नेमक्या कोणत्या वस्तीत, कोणत्या घरातल्या माणसाला, किती वाजता त्रास होणार आणि त्या दिवशी पाण्याचा टँकर कुठे उभा करायचा, हे सांगणारं कोणी नसतं. तुमचं काम ते आहे.

मी उदाहरणं नागपूरची देतोय कारण हे शहर माहितीचं आहे, पण अकोला, जळगाव, सोलापूर कुठेही हीच पद्धत चालेल. कोकणपट्टी आणि मुंबईवाल्यांसाठी एक वेगळा मुद्दा आहे, तो पुढे येईल.

पायरी १: तापमान बाजूला ठेवा, आधी मृत्यूंची नोंद मिळवा

विचित्र वाटेल पण सुरुवात इथूनच करा. "उष्माघाताने मृत्यू" असं लिहिलेल्या केसेस मोजून काही हाती लागत नाही, कारण उन्हाने मरणारा माणूस बहुतेक वेळा हार्ट अटॅक, किडनी, श्वासाचा त्रास अशा नावाखाली नोंदला जातो. घरीच गेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कागदावर तर "वृद्धापकाळ" एवढंच. म्हणून सगळ्या कारणांचे मिळून रोजचे एकूण मृत्यू घ्यायचे, आणि उन्हाच्या दिवसांत ते नेहमीपेक्षा किती वाढले ते बघायचं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अहमदाबादचं. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ ला गेला होता. नंतर संशोधकांनी महापालिकेच्या नोंदवहीतले त्या महिन्याचे मृत्यू २००९ आणि २०११ च्या मे महिन्याशी लावून बघितले तर १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले, म्हणजे ४३ टक्के वाढ. यात मशीन लर्निंग काहीच नाही, वजाबाकी आहे. पण त्या वजाबाकीमुळेच २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने, गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेला आणि बाहेरच्या तज्ज्ञांना सोबत घेऊन, दक्षिण आशियातला पहिला हीट अॅक्शन प्लॅन, म्हणजे उन्हाच्या लाटेत कोणी काय करायचं याची योजना, आणला. नागपूरचा त्यानंतर २०१६ ला आला.

डेटा कुठून मिळतो? महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातून. आरोग्य अधिकाऱ्यांना रीतसर पत्र द्या, सोबत एखाद्या कॉलेजच्या किंवा मेडिकल कॉलेजातल्या प्राध्यापकांचं नाव असलं तर काम सोपं होतं, आणि एथिक्स कमिटीची मंजुरी घ्यायची असेल तर तीही त्यांच्यामार्फतच होते. नाहीच जमलं तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागताना नावं मागूच नका. मृत्यूची तारीख, वय, लिंग, राहण्याची वस्ती, प्रभाग किंवा झोन, एवढंच. नावगाव नसलेला तक्ता द्यायला बाबू लोकही घाबरत नाहीत, आणि तुमच्याकडेही नको ती जोखीम राहत नाही.

फाइल हातात आली की लगेच मॉडेलवर उडी मारू नका. या चार गोष्टी तपासा, यातली एक जरी सुटली तरी पुढचं सगळं वाया जातं.

एक, तारीख मृत्यूची आहे की नोंदणीची? कायद्याने नोंदणीला २१ दिवसांची मुदत आहे, लोक सवडीने जातात. आठवड्याचा वार लावून एक साधा बार चार्ट काढा, रविवार रिकामा आणि सोमवार फुगलेला दिसला तर समजा तुम्हाला नोंदणीची तारीख दिलीय. परत जा, दुसरी मागा.

दोन, पत्ता कुठला? नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन मोठ्या सरकारी हॉस्पिटलांमध्ये अख्ख्या विदर्भातून, वर बालाघाट-छिंदवाड्याकडूनही पेशंट येतात. मृत्यू नागपुरात नोंदला गेला पण माणूस राहत होता गोंदियाला, उन्हात काम केलं तिकडच्या शेतात. ठिकाणाप्रमाणे नकाशा काढलात तर मेडिकल चौक हा शहरातला सगळ्यात जीवघेणा भाग निघेल. कायमचा पत्ताच घ्या आणि शहराबाहेरचे वेगळे काढा.

तीन, कोविडची वर्षं. २०२० आणि २०२१ सरळ वगळा. एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात काय परिस्थिती होती हे सांगायची गरज नाही, ते आकडे आत राहिले तर मॉडेल शिकेल की एप्रिलचं ऊन दुप्पट मारतं.

चार, पत्त्याचं स्पेलिंग. पारडी, पार्डी, पारडी नाका, भवानी मंदिराजवळ पारडी, हे सगळं एकच आहे हे कॉम्प्युटरला कोण सांगणार. फझी मॅचिंगने, म्हणजे थोडी वेगळी लिहिलेली नावं कॉम्प्युटरकडून जुळवून घेऊन, साठ-सत्तर टक्के काम होतं, उरलेलं हाताने. आणि "हनुमान मंदिराजवळ" एवढाच पत्ता असेल तर तो सोडून द्या, नागपुरात किती हनुमान मंदिरं आहेत ते मोजायला वेगळा प्रोजेक्ट लागेल.

पायरी २: तापमानाचा डेटा, आणि त्यातला कचरा

चांगली गोष्ट अशी की हा डेटा फुकट आहे. हवामान खात्याचा ग्रिडवाला कमाल-किमान तापमानाचा डेटा १९५१ पासूनचा मिळतो, पायथनमध्ये आयएमडीलिब नावाची लायब्ररी तो सरळ डाउनलोड करून देते, पण त्याचा एकेक चौकोन एक अंश बाय एक अंश म्हणजे साधारण शंभर किलोमीटरचा, त्यात नागपूर, कामठी, रामटेक सगळं एकाच डब्यात. युरोपचा ईआरए५-लँड हा डेटा तासातासाचा आहे, चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा, आणि त्यात दवबिंदूही असतो म्हणजे आर्द्रता काढता येते. रोजच्या मृत्यूंशी जोडायला सोनेगाव विमानतळावरच्या वेधशाळेचे रोजचे आकडे सगळ्यात भरवशाचे, मधल्या रिकाम्या जागा भरायला ईआरए५-लँड वापरा. त्याची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे असते हे विसरू नका, साडेपाच तास पुढे सरकवल्याशिवाय दिवसाचं कमाल-किमान काढलंत तर किमान तापमान भलत्याच दिवसाच्या खात्यात पडतं.

आता कचऱ्याचं. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि दिवसभर व्हॉट्सअॅपवर तोच आकडा फिरत होता. आसपासची धड चालणारी केंद्रं तेव्हा ४४ च्या आसपास होती. सेन्सरच बिघडला होता, हवामान खात्याने नंतर सांगितलं. त्याच्या आदल्या दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ नोंदले गेले, तिथेही तपासणीत सेन्सर तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. दोन्हीतला फरक बघा. ५६ हा आकडा कोणालाही खटकतो, नागपूरचा आजवरचा उच्चांकच ४७.९ आहे, २३ मे २०१३ चा. पण तीन अंशांची चूक मे महिन्यात नुसतं बघून पकडता येत नाही, ४३ चे ४६ झाले तर वाटतं असेल बुवा. म्हणून एकट्या केंद्राचा आलेख बघू नका, शेजारच्या केंद्रांशी फरक किती हे रोज काढा आणि तो फरक अचानक सरकला तर त्या तारखेपासून ते केंद्र बाजूला ठेवा. पायथनच्या पांडाज लायब्ररीत चार ओळींचं काम आहे.

पायरी ३: कोणता आकडा "ऊन" म्हणून धरायचा

कमाल तापमान हा एकच आकडा धरून बसू नका. कोकणवाल्यांचा मुद्दा हाच. दुपारी नागपूर ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के, आणि मुंबई ३६ अंश, आर्द्रता ६५ टक्के असं धरा. स्टलचं सूत्र वापरून वेट बल्ब तापमान (ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर जे दाखवेल ते) काढलं तर नागपूरचं येतं साधारण २३, मुंबईचं ३०. म्हणजे पारा आठ अंशांनी कमी असूनही मुंबईत घाम वाळत नाही, अंग थंडच होत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर दुपारच्या उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात १४ जण गेले, तेव्हाही तिथला पारा चाळिशीच्या खालीच होता. हवामान खात्याचा निकषही म्हणूनच वेगळा आहे, मैदानी भागात कमाल ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त, किनाऱ्यावर मात्र ३७ पासूनच मोजायला सुरुवात.

पण मग वेट बल्ब २३ म्हणून नागपूर सुरक्षित का? अजिबात नाही. कोरड्या झळांमध्ये घाम लगेच उडून जातो, माणसाला कळतही नाही किती पाणी गेलं, म्हाताऱ्या माणसाला तेवढा घाम येतच नाही, आणि वरून ऊन थेट डोक्यावर. म्हणून कुठलाही एक निर्देशांक भारी म्हणून निवडू नका. कमाल, किमान, सरासरी, वेट बल्ब, हीट इंडेक्स (आर्द्रता धरून अंगाला जाणवणारं तापमान) असे सगळे कॉलम बनवा आणि तुमच्या शहरातले मृत्यू कोणत्या कॉलमशी जास्त जुळतात ते डेटालाच ठरवू द्या.

किमान तापमानाकडे खास लक्ष द्या. रात्री पारा तिशीच्या खाली आलाच नाही तर दिवसभर तापलेलं शरीर सावरत नाही, आणि टिनाच्या खोलीत झोपणाऱ्याला तर बाहेरचे ३० म्हणजे आतले त्याहून कितीतरी जास्त.

पायरी ४: दोन्ही जोडा

इथे लोक रँडम फॉरेस्टसारखं मशीन लर्निंगचं मॉडेल काढतात. मी म्हणेन नको, निदान आधी नको. या क्षेत्रात वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत आहे क्वासी-पॉयसन रिग्रेशन आणि त्यात डिस्ट्रिब्युटेड लॅग, आर या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्यासाठी डीएलएनएम नावाचं पॅकेज आहे, त्याचं डॉक्युमेंटेशन नवख्याला समजेल असं आहे. कल्पना सोपी आहे. मंगळवारच्या उन्हाचे बळी मंगळवारीच जात नाहीत, काही बुधवारी, काही गुरुवारी. तर आजच्या मृत्यूंवर आजचं, कालचं, परवाचं असं मागच्या काही दिवसांचं तापमान एकत्र किती परिणाम करतं ते मॉडेल काढतं, आणि सोबत वार, ऋतू, वर्षागणिक वाढणारी लोकसंख्या यांचा परिणाम वेगळा काढून टाकतं. उन्हाचा मारा जलद असतो, मागचे सात ते दहा दिवस धरले तरी पुरतात.

रिझल्ट म्हणून एक वक्र मिळतो, खाली तापमान, वर मृत्यूचा धोका. तो कुठे वर वळतो ते बघायचं. तुमच्या शहराचं खरं दुखणं तिथे आहे. देशातल्या दहा शहरांचा असा अभ्यास २०२४ मध्ये आला, त्यात मुंबई आणि पुणेही होते आणि २००८ ते २०१९ चा डेटा होता. सलग दोन दिवस तापमान त्या त्या शहराच्या ९७ व्या पर्सेंटाइलच्या (शंभरातले ९७ दिवस ज्याच्या खाली असतात त्या आकड्याच्या) वर राहिलं की रोजचे मृत्यू १४.७ टक्क्यांनी वाढतात असं निघालं. शहरागणिक स्वतःचं पर्सेंटाइल घेतलं हे महत्त्वाचं, कारण पुण्याच्या माणसाला जे भाजतं ते चंद्रपूरच्या माणसाला रोजचंच असतं.

टेस्टिंग करताना रँडम स्प्लिट करू नका, म्हणजे शिकवायचे (ट्रेन) आणि तपासायचे (टेस्ट) दिवस चिठ्ठ्या टाकून वाटू नका. १४ मे ट्रेनमध्ये आणि १५ मे टेस्टमध्ये गेली तर मॉडेल हुशार वाटेल, पण ती कॉपी आहे. पूर्ण वर्षं बाजूला ठेवा, त्यातलं एक तरी कडक उन्हाळ्याचं असू द्या. आणि अॅक्युरसीच्या टक्क्यांवर जाऊ नका, वर्षातले साडेतीनशे दिवस काही होतच नाही, तेव्हा "आज धोका नाही" एवढंच बोलणारं मॉडेलही ९५ टक्के बरोबर ठरतं. किती वाईट दिवस सुटले ते मोजा.

पायरी ५: सॅटेलाइटचा नकाशा, आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा

सोशल मीडियावर दिसणारे लाल-पिवळे नकाशे बहुतेक लँडसॅट या अमेरिकन सॅटेलाइटचे असतात. गूगल अर्थ इंजिनवर अर्ध्या तासात बनतात. लँडसॅट ८ आणि ९ च्या तयार डेटात थर्मल बँडचा आकडा ०.००३४१८०२ ने गुणायचा, १४९ मिळवायचे, केल्विन येतात, त्यातून २७३.१५ वजा. म्हणजे पिक्सेलचा आकडा ५१,००० असेल तर तापमान ५०.२ अंश. हे बघून घाबरायचं नाही आणि बातमी तर अजिबात द्यायची नाही. ते जमिनीचं, छपराचं, डांबराचं तापमान आहे, हवेचं नाही.

आता गंमत बघा. मे महिन्यातला नागपूरचा दिवसाचा नकाशा काढलात तर शहराबाहेरची नांगरून पडलेली काळी शेतं शहरापेक्षाही लाल दिसण्याची शक्यता खूप. नवखा माणूस गोंधळतो, शहरं तापतात म्हणतात मग हे काय? कोरड्या पट्ट्यातल्या शहरांत असं होतंच, उघडी सुकी माती सकाळपासून तापते आणि शहरात निदान झाडं, सावल्या, थोडं पाणी असतं. रात्री मात्र शेत पटकन निवतं आणि सिमेंट निवत नाही. लँडसॅट आपल्या डोक्यावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, त्याला रात्र दिसत नाही. त्यासाठी अॅक्वा सॅटेलाइटवरच्या मोडिस सेन्सरचा डेटा घ्या, तो बरीच वर्षं रात्री दीडच्या आसपास जायचा, पण त्याचा पिक्सेल एक किलोमीटरचा. मधला मार्ग अंतराळ स्थानकावरचा इकोस्ट्रेस सेन्सर, पिक्सेल सुमारे ७० मीटर, वेळा मात्र अनियमित.

दुसरी खोच टिनाची. चकचकीत पत्रा उष्णता कमी उत्सर्जित करतो, त्यामुळे सॅटेलाइटला तो आहे त्यापेक्षा थंड दिसू शकतो. म्हणजे ज्या वस्तीत सगळ्यात जास्त भाजतं तीच नकाशावर पिवळी. फक्त सॅटेलाइटवर भरवसा ठेवून टँकर पाठवलेत तर कळमन्याच्या टिनाच्या गोदामांतल्या हमालांना सोडून भलतीकडे जाल.

पायरी ६: घरात शिरा

म्हणून मला हा भाग सगळ्यात जवळचा आहे, आणि डेटावाले नेमका हाच टाळतात. हजार-दोन हजारात तापमान-आर्द्रतेचे छोटे लॉगर मिळतात, बॅटरीवर महिनोन्महिने चालतात. वीस घ्या. आधी सगळे दोन दिवस एकाच खोलीत, एकाच टेबलावर ठेवा, त्यांचा आपसातला फरक लिहून घ्या, जो फार भरकटतो तो परत करा. मग वस्तीत आशा ताईंना किंवा बचत गटाच्या ताईंना सोबत घेऊन जा, घरच्यांना नीट सांगा हे काय आहे, होय म्हणाले तरच लावा. कुठे लावायचा हे जपून बघा: ऊन थेट पडणार नाही, गॅसजवळ नाही, कूलरच्या झोतात नाही, पत्र्याला चिकटवून तर नाहीच, झोपतात तिथे बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला. आणि छप्पर टिनाचं, सिमेंटच्या पत्र्याचं, कौलारू की स्लॅबचं, कूलर आहे का, रात्री लाइट किती वेळ जाते, पाणी किती दिवसांनी येतं, हे लॉगरसोबत लिहून ठेवा.

दोन आठवड्यांनी फाइल उघडाल तेव्हा रात्री ११ चा कॉलम आधी बघा. टिनाची खोली आणि त्याच गल्लीतली स्लॅबची खोली यांचे आलेख एकावर एक काढा: टिन दुपारी उसळतं आणि रात्री तुलनेने लवकर खाली येतं, तर वरच्या मजल्यावरच्या स्लॅबची खोली दुपारी बरी पण मध्यरात्रीपर्यंत भट्टीच. म्हणजे टिनवाल्यांना दुपारी बसायला जागा हवी आणि स्लॅबवाल्यांना रात्री. एकाच शहरात दोन वेगवेगळे उपाय, आणि हे कुठल्याही सॅटेलाइटने सांगितलं नसतं.

वरच्या मजल्यावरून आठवलं, अहमदाबादच्या शारदाबेन हॉस्पिटलमध्ये बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. २०१० च्या उन्हाळ्यात उन्हामुळे किती नवजात बाळं आयसीयूत गेली याचा हिशोब झाला, वॉर्ड खाली हलवला आणि त्या केसेस बऱ्याच कमी झाल्या. एका रजिस्टरचा नीट वाचलेला कॉलम.

पायरी ७: कोणाला जास्त धोका

इथे "व्हल्नरेबिलिटी इंडेक्स", म्हणजे प्रत्येक प्रभागाच्या धोक्याचा एकच आकडा, बनवायची फॅशन आहे, पंधरा कॉलम घ्यायचे, प्रत्येकाला मनाने वजन द्यायचं, बेरीज करायची, रंग भरायचे. वजन बदललं की नकाशा बदलतो, नगरसेवक विचारतो आमचा प्रभाग का नाही, आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. त्यापेक्षा चार-पाच गोष्टी घ्या आणि वेगवेगळ्या दाखवा: छपराचा प्रकार, साठीच्या वरची माणसं आणि त्यातली एकटी राहणारी, नळाचं पाणी घरात आहे की नाही, उघड्यावर काम करणारे किती. छपराची आणि पाण्याची माहिती २०११ च्या जनगणनेच्या घरयादीत वॉर्डनिहाय आहे. डेटा जुना आहे, हो, आणि २०११ चे वॉर्ड आजच्या प्रभागांशी जुळतही नाहीत, २०१७ ला नागपुरात ३८ मोठे प्रभाग झाले. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या वॉर्डांचे आकडे क्षेत्रफळाच्या प्रमाणात नव्या प्रभागांत वाटून घ्यावे लागतात, बिल्डिंगांनी व्यापलेल्या जागेच्या प्रमाणात वाटलेत तर अजून बरं.

मग तपासा: तुम्ही धोक्याचे म्हटलेले प्रभाग आणि पायरी ४ मधले जास्तीचे मृत्यू, १०८ चे कॉल, यांचा मेळ बसतो का? नसेल बसत तर नकाशा चुकलाय, मृत्यू नाही. लहान आकडे मात्र बाहेर दाखवू नका. एखाद्या प्रभागात त्या आठवड्यात दोनच मृत्यू असतील तर कोण ते अख्ख्या गल्लीला कळतं, पाचच्या खालचं सगळं "पाचपेक्षा कमी" लिहा.

पायरी ८: अलर्टचा आकडा ठरवा

अहमदाबादने आपले टप्पे असे ठेवले: ४१.१ ते ४३ पिवळा, ४३.१ ते ४४.९ नारंगी, ४५ आणि वर लाल. हेच उचलून नागपूरला लावू नका. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधीच आपल्याकडे ४३-४४ रोजचं होतं, महिनाभर नारंगी अलर्ट वाजत राहिला तर चौथ्या दिवशी कोणी ढुंकून बघणार नाही. आपला वक्र काढा, दोन-तीन आकडे निवडा, आणि मागच्या दहा वर्षांवर चालवून बघा की हा आकडा ठेवला असता तर वर्षात किती दिवस लाल झाले असते आणि त्यातल्या किती दिवशी मृत्यू खरंच वाढले. लाल दिवस वर्षाला आठ-दहाच्या पुढे जात असतील तर माझ्या मते आकडा वर न्या किंवा सलग दोन दिवसांची अट घाला. उलट मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या लाटेसाठी आकडा खाली ठेवा, तेव्हा शरीराला सवय झालेली नसते, कूलरच्या ताट्याही बदललेल्या नसतात.

पायरी ९: अलर्ट गेला, पुढे कोण काय करणार

हे लिहून घेतल्याशिवाय डॅशबोर्ड बनवायला घेऊ नका. एका शहरात मी सुंदर डॅशबोर्ड बघितलाय, मोठ्या टीव्हीवर, रंग बदलणारा, आणि लाल झाल्यावर फोन कोणी कोणाला करायचा हे विचारलं तर खोलीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

एका पानाचा तक्ता पुरे. लाल दिवस: कोणत्या दहा ठिकाणी टँकर, कोणत्या उद्यानांची गेटं दुपारभर उघडी, बांधकामावरचं काम १२ ते ४ बंद याची खात्री कोण करणार, कोणत्या सिग्नलवर हिरवी नेट, कोणत्या आशा ताई कोणत्या एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी, कोणत्या दवाखान्यात बर्फ आणि सलाइन तयार, वीज कंपनीला धोक्याच्या वस्त्यांच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) दुपारी आणि रात्री लोडशेडिंग करू नका हे कोण सांगणार. प्रत्येकासमोर एक पद आणि एक फोन नंबर.

डेटा सायन्सचं काम इथेही आहे. पाणपोया कुठे लावायच्या हा चक्क ऑप्टिमायझेशनचा प्रश्न आहे. ओपनस्ट्रीटमॅप या फुकट नकाशावरून रस्ते घ्या, उघड्यावर काम करणारे कुठे जमतात ते नकाशावर टाका, कॉटन मार्केट, कळमना, मजुरांचा ठिय्या लागतो ते चौक, बसस्टॉप, आणि ५० जागांत पाच मिनिटं चालून जास्तीत जास्त लोक पोचतील असं गणित मांडा. सरळ रेषेचं अंतर धरू नका, रेल्वे लाइनच्या पलीकडची पाणपोई नकाशावर शंभर मीटर असते आणि पायी अर्धा किलोमीटर. मग ती यादी तिथल्या ठेलेवाल्यांना दाखवा, ते दोन मिनिटांत सांगतील यातल्या कोणत्या जागी दुपारी सावलीच नसते.

छपरांना पांढरा रंग मारायचा कार्यक्रम असेल तर घरं निवडायला पायरी ६ चे लॉगर वापरा, आणि रंग न मारलेली तशीच काही घरंही मोजत राहा, नाहीतर रंगाने फरक पडला की पाऊस आला हे कळणार नाही.

पायरी १०: उन्हाळा संपल्यावर

जूनमध्ये सगळे हे विसरतात, पण खरा हिशोब तेव्हाच करायचा असतो. अहमदाबादच्या प्लॅनचं मूल्यमापन २०१८ मध्ये छापून आलं, प्लॅनच्या आधीची आणि नंतरची वर्षं ताडून वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असा अंदाज निघाला. आकडा मोठा आहे आणि लोक तो भाषणात वापरतात, पण लक्षात ठेवा की तुलनेला प्लॅन नसलेलं दुसरं शहर घेतलेलं नव्हतं, आधी-नंतर एवढंच. तुम्ही सुरुवातीपासून नोंदी ठेवल्यात तर याहून घट्ट उत्तर देऊ शकाल: अलर्ट किती वाजता गेला, कोणत्या प्रभागात टँकर खरंच पोचला आणि कुठे नाही, कोणती पाणपोई तिसऱ्या दिवशी कोरडी पडली. जिथे पोचलं आणि जिथे नाही पोचलं त्यांची तुलना हाच तुमचा प्रयोग.

वेळापत्रक सांगून ठेवतो. मृत्यूच्या डेटासाठी पत्र दिवाळीनंतर लगेच द्या, मार्चमध्ये ऑफिसात टॅक्स वसुली आणि बजेट असतं, कोणी भेटत नाही. मॉडेल डिसेंबर-जानेवारीत. लॉगर फेब्रुवारीअखेर लावून टाका, म्हणजे थंडी सरतानाचा फरकही मिळतो. टँकर-पाणपोईची यादी १५ मार्चपर्यंत आरोग्य विभागाच्या हातात, छापील, मराठीत, एका पानावर. आणि कोडसोबत एक साधी फाइल ठेवा ज्यात कोणता कॉलम कुठून आला, कोणी दिला, कोणत्या तारखेला दिला हे लिहिलेलं असेल, कारण पुढच्या वर्षी तुम्ही नोकरीसाठी बंगलोरला गेलेले असाल आणि तुमच्या जागी दुसरा कोणीतरी हीच फाइल उघडून बसलेला असेल.